फोटो दुकानात, एडिटिंग घरात : दोन संगणकांचा मेळ कसा घालावा?

रमजान ईद उलटली की निकाहांची रीघ लागते आणि फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या आमच्या बांधवांना दिवस पुरत नाही. एका निकाह-वलीम्याचे दोन हजार फोटो सहज निघतात. ते निवडणे, उजेड-रंग सुधारणे, कापणे, अल्बमसाठी वेगळे काढणे ही कामे एकट्याच्या हातून होत नाहीत. गेल्या काही वर्षांत या धंद्यात एक चांगली रीत पडली आहे. मर्दाना बाजूचे फोटो दुकानातला मुलगा काढतो आणि सुधारतो. जनान्यातले फोटो घरातली लेक किंवा सून काढते आणि घरच्याच लॅपटॉपवर सुधारते. ऑर्डर देण्याआधी कित्येक घराणी पहिला प्रश्न हाच विचारतात की, बायकांचे फोटो कोण पाहणार? "आमच्या घरातल्या मुलीच पाहतील" असे उत्तर ज्याला देता येते, त्याला काम मिळते.

पण या रीतीने एक अडचण आणली. फोटो एकच, संगणक दोन. दुकानात केलेली दुरुस्ती घरच्या लॅपटॉपवर दिसत नाही, घरची दुकानात दिसत नाही. मग पेनड्राइव्हची ने-आण सुरू होते आणि कोणती प्रत नवी, कोणती जुनी, याचा गोंधळ उडतो. आमच्या परिचयाच्या एका स्टुडिओवाल्या चाचांकडे मागच्या हंगामात जे घडले, ते ऐकून आम्ही या विषयावर लिहायचे ठरवले.

त्यांनी लाइटरूम क्लासिक या सॉफ्टवेअरची कॅटलॉग फाइल इंटरनेटवरच्या एका साठवण सेवेच्या फोल्डरात ठेवली होती. फाइल आपोआप दोन्हीकडे पोहोचेल, असा हिशेब. एका संध्याकाळी मुलगा दुकानात काम करत होता, लाइटरूम उघडेच होते. घरी नेट मंद होते, त्यामुळे ताजी फाइल लॅपटॉपवर उतरलीच नव्हती. मुलीने जुनी प्रत उघडली आणि रात्री दोनपर्यंत बसून चारशेच्या वर फोटो सुधारले. सकाळी फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली दिसल्या. एकीच्या नावापुढे ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ असे काहीतरी लिहिलेले होते. चाचांना वाटले, कचरा आहे. त्यांनी ती उडवली आणि रिसायकल बिनही रिकामे केले. मुलगी दुकानात आली तेव्हा म्हणाली, "अब्बा, तीच तर माझी फाइल होती." अल्बम आठ दिवस उशिरा गेला आणि मुलीला दोन रात्री पुन्हा जागाव्या लागल्या.

यात चूक कोणाची, हे पाहण्याआधी दुरुस्ती म्हणजे नेमके काय आणि ती कोठे साठते, हे समजून घेतले पाहिजे. ते एकदा कळले की पुढचे सगळे सोपे आहे.

शिंप्याच्या दुकानाचे उदाहरण घ्या. गिऱ्हाइकाने कापड आणले. शिंपी मापे घेतो, चिठ्ठीवर लिहितो. जोवर कात्री चालवलेली नाही तोवर कापड अख्खेच्या अख्खे आहे. माप बदलायचे असेल तर चिठ्ठीवर खाडाखोड करायची, कापडाला धक्का नाही. लाइटरूम, डार्कटेबल ही सॉफ्टवेअरे अशीच चालतात. कॅमेऱ्यातून आलेली रॉ फाइल (कॅननची सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू) ती कधीच कापत नाहीत. उजेड इतका वाढवला, डावीकडून इतके कापले, रंग इतका गरम केला, एवढ्या सूचना फक्त लिहून ठेवतात. आपण जेव्हा ‘एक्स्पोर्ट’ करतो तेव्हा त्या सूचनांप्रमाणे नवीन जेपीईजी शिवून मिळते. फोटोशॉपमध्ये मात्र बहुतेक काम कात्री चालवल्यासारखे असते; त्याचे शेवटी पाहू.

आता प्रश्न असा की, मापाची चिठ्ठी राहते कोठे? शिंपी दोन प्रकारे ठेवू शकतो. सगळ्या गिऱ्हाइकांची मापे एका वहीत लिहील, किंवा प्रत्येक कापडाला त्याची चिठ्ठी टाचणीने लावील. लाइटरूम क्लासिक मुळात वही ठेवते. त्या वहीचे नाव कॅटलॉग, आणि ती एकच मोठी फाइल असते. पण सांगितले तर ते टाचणीच्या चिठ्ठ्याही लावते. रॉ फाइलीच्या शेजारी त्याच नावाची एक छोटी फाइल तयार होते, तिला एक्सएमपी म्हणतात. ही पद्धत अ‍ॅडोबी कंपनीने २००१ साली आणली आणि आज ती अनेक सॉफ्टवेअरांना समजते.

चाचांच्या घरी काय झाले, ते आता स्पष्ट होईल. एकच वही दोघांनी दोन ठिकाणी एकाच वेळी लिहिली. साठवण सेवेला वहीच्या आतले काही कळत नाही. तिला दोन वेगळ्या फाइली दिसल्या, म्हणून तिने दोन्ही ठेवल्या. तिने तर इमानदारीच केली होती. लाइटरूमही आपल्या परीने सावध असते. वही उघडी असताना ते शेजारी एक कुलुपाची फाइल ठेवते, म्हणजे दुसऱ्याला उघडता येऊ नये. पण नेट मंद असेल तर कुलूपही उशिरा पोहोचते. आणि ती ‘कॉन्फ्लिक्टेड’ फाइल उडवली नसती तर काम वाचले असते. लाइटरूममध्ये ‘फाइल’ मेनूत ‘इम्पोर्ट फ्रॉम अनदर कॅटलॉग’ अशी सोय आहे. दुसऱ्या वहीतले बदललेले फोटो तिथून पहिल्या वहीत घेता येतात. आमच्या वाचकांनी एवढे एक जरी लक्षात ठेवले तरी पुरे : नावापुढे ‘कॉन्फ्लिक्ट’ लिहिलेली फाइल दिसली तर ती आधी वेगळ्या फोल्डरात हलवावी, मग शांतपणे पाहावे. डिलीटला हात लावू नये.

आता मार्ग कोणते, ते पाहू.

सर्वात साधा मार्ग म्हणजे वहीच उचलून नेणे. एक चांगली बाहेरची एसएसडी घ्यावी, कॅटलॉग आणि फोटो दोन्ही तिच्यावर ठेवावेत. दुकानात काम झाले की लाइटरूम पूर्ण बंद करावे, डिस्क रीतसर ‘इजेक्ट’ करावी, घरी न्यावी, तिथे लावून उघडावी. वही एकच असल्यामुळे घोळ होतच नाही. विंडोज कधी या डिस्कला ‘ई’ म्हणते तर कधी ‘एफ’, आणि मग लाइटरूमला फोटो सापडत नाहीत, प्रश्नचिन्हे दिसू लागतात. त्यावर इलाज सोपा. दोन्ही संगणकांवर ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन तिला दूरचे एखादे अक्षर, समजा ‘पी’, कायमचे द्यावे. फोटो फार जड असतील तर फक्त कॅटलॉग आणि ‘स्मार्ट प्रिव्ह्यू’ नेले तरी चालते. हे लांब बाजूला २५६० पिक्सेलचे हलके फोटो असतात आणि त्यांच्यावर केलेली दुरुस्ती मूळ फोटोला लागू होते. ज्यांच्याकडे एका वेळी एकच माणूस काम करतो, त्यांनी हाच मार्ग धरावा आणि पुढचे वाचण्याचा त्रास घेऊ नये. फक्त डिस्क पडली किंवा हरवली तर सर्व गेले, म्हणून रोज रात्री तिची एक नक्कल दुकानातल्या संगणकावर उतरवावी.

काही बांधव विचारतात, मग कॅटलॉग दुकानातल्या नेटवर्कवर सामाईक ठेवला तर? लाइटरूम क्लासिक नेटवर्कवरचा कॅटलॉग उघडतच नाही. फोटो नेटवर्कवर चालतात, वही नाही.

दुसरा मार्ग इंटरनेटचा. २०१७ साली अ‍ॅडोबीने लाइटरूमचे दोन भाग केले. जुना तो ‘क्लासिक’, आणि नुसते ‘लाइटरूम’ म्हणून नवा, जो मूळ फोटोच कंपनीच्या क्लाउडवर चढवतो आणि मग कोणत्याही संगणकावर किंवा मोबाइलवर दुरुस्त्या आपोआप दिसतात. सोय उत्तम आहे, पण आमच्या बहुतेक वाचकांच्या कामाला बसत नाही. हिशेब करा. एक रॉ फाइल २५ एमबीची धरली तर दोन हजार फोटो ५० जीबी झाले. नेटचा अपलोड वेग १० एमबीपीएस असेल तर ते चढायला अकरा तासांहून अधिक लागतील, तेही लाइट न जाता. हंगामात दर दोन दिवसांनी असा एक निकाह. शिवाय क्लासिकवाल्यांनी जाणावे की, त्यांचा एका वेळी एकच कॅटलॉग क्लाउडशी जोडता येतो. दोन संगणकांवर दोन कॅटलॉग ठेवून दोन्ही जोडू म्हटले तर जमत नाही.

आणि वेळेपेक्षा मोठी गोष्ट भरवशाची आहे. जनान्यातले फोटो ही लोकांनी आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. ते दूरच्या सर्व्हरवर चढवायचे तर गिऱ्हाइकाला तसे सांगून, त्यांची संमती घेऊन चढवावेत. क्लाउडवर चोरी होतेच असे आम्ही म्हणत नाही; पण ‘लिंक असेल त्याला दिसेल’ अशा एका चुकीच्या टिचकीने काय होते, हे धंद्यातल्यांना सांगायला नको.

राहिला तिसरा मार्ग, चिठ्ठ्यांचा. चाचांच्या घरी आता हाच चालू आहे आणि आम्ही दोन संध्याकाळी बसून तो पाहिला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

यात मुख्य युक्ती अशी की, फोटो हलवायचेच नाहीत. निकाह आटोपला की फोटो दुकानातल्या संगणकावर उतरतात. प्रथम नावे बदलतात, कारण दोन कॅमेऱ्यांतून ‘डीएससी ०००१’ नावाच्या दोन फाइली आल्या तर एकाची चिठ्ठी दुसऱ्याला लागेल. म्हणून मुलाच्या कॅमेऱ्याच्या फाइलींना पुढे ‘ए’, मुलीच्या कॅमेऱ्याच्या फाइलींना ‘बी’. मग ‘मर्दाना’ आणि ‘जनाना’ असे दोन फोल्डर. हे सर्व झाल्यावर संपूर्ण फोल्डर डिस्कने एकदाच घरच्या लॅपटॉपवर नक्कल होते, नाव आणि रचना जशीच्या तशी ठेवून. नक्कल झाल्यानंतर नाव बदलायला सक्त मनाई आहे. दोन्ही संगणकांवर लाइटरूममध्ये तो फोल्डर ‘अ‍ॅड’ पद्धतीने घेतात. म्हणजे वह्या दोन, पण वहीवर भिस्त नाही, चिठ्ठी खरी.

यापुढे फक्त एक्सएमपी फाइली इकडून तिकडे जातात. एक चिठ्ठी बहुधा काही केबीची असते. ब्रशने बरेच काम केलेले असेल तर मोठी होते, तरीही दोन हजार फोटोंच्या चिठ्ठ्या मिळून मूळ ५० जीबीपुढे किरकोळच. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही जातात.

त्या नेण्यासाठी ते सिंकथिंग नावाचे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. ते आपले दोन संगणक एकमेकांशी थेट जोडते. मध्ये कोणाच्या सर्व्हरवर फाइल साठत नाही आणि वाटेत ती कुलूपबंद असते. अमुक प्रकारच्याच फाइली न्यायच्या, बाकीच्या सोडायच्या, असा हुकूम त्याला देता येतो. इथे तो हुकूम ‘फक्त एक्सएमपी’ असा आहे. अट एकच, दोन्ही संगणक एका वेळी चालू पाहिजेत. चाचा दुकान वाढवताना पूर्वी सर्व बंद करून जात आणि घरी लॅपटॉप उघडल्यावर चिठ्ठ्या यायच्याच नाहीत. आता संगणक रात्री दहापर्यंत चालू राहतो, यूपीएससकट.

लाइटरूमकडून चिठ्ठी लिहून घ्यावी लागते, हे विसरू नये. आपले फोटो निवडून कंट्रोल आणि ‘एस’ दाबले की चिठ्ठ्या लिहिल्या जातात. ‘कॅटलॉग सेटिंग्ज’मध्ये ‘ऑटोमॅटिकली राइट चेंजेस इनटू एक्सएमपी’ अशी खूण केली तर आपोआप लिहिल्या जातात. दुसऱ्या बाजूला आलेली चिठ्ठी वहीत उतरवण्यासाठी फोटो निवडून ‘मेटाडेटा’ मेनूतून ‘रीड मेटाडेटा फ्रॉम फाइल’ म्हणावे लागते.

आणि इथेच खरा खड्डा आहे. समजा मुलीने घरी जनान्याचे तीनशे फोटो सुधारले, चिठ्ठ्या दुकानात पोहोचल्या. सकाळी मुलाने त्या वाचून घेतल्याच नाहीत, उलट सगळे फोटो निवडून सवयीने कंट्रोल ‘एस’ दाबले. झाले! त्याच्या वहीतली जुनी मापे नव्या चिठ्ठ्यांवर लिहिली गेली, आणि सिंकथिंगने ती जुनी मापे इमानेइतबारे घरीही पोहोचवली. फोटोच्या कोपऱ्यात बाण किंवा उद्गारचिन्ह दिसले तर समजावे की वही आणि चिठ्ठी यांत फरक पडला आहे. त्यावर टिचकी मारली की लाइटरूम विचारते, डिस्कवरचे घेऊ की त्यावर लिहू? घाईत उत्तर देऊ नये. चाचांनी यासाठी संगणकाचा नव्हे, घरातलाच नियम केला आहे. मर्दाना फोल्डरात लिहिण्याचा हक्क मुलाचा, जनान्यात मुलीचा. दुसऱ्याच्या फोल्डरात फक्त वाचायचे. बदल हवा असेल तर फोन करून सांगायचे, "बाजी, बी-२१४ मध्ये नवरीचा दुपट्टा जरा गडद कर." ऐकायला जुनाट वाटते, पण तेव्हापासून एकही फोटो पुन्हा करावा लागलेला नाही.

तरीही चूक होईलच असे धरून सिंकथिंगमध्ये ‘फाइल व्हर्जनिंग’ चालू करून ठेवावे. दुसरीकडून आलेल्या बदलाने एखादी फाइल बदलली किंवा उडाली, तर तिची जुनी प्रत ते बाजूला जपते. दोन्हीकडे एकाच फाइलीत बदल झाला तर ते नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ आणि तारीख-वेळ घालून दोन्ही ठेवते. दोन्ही संगणकांची घड्याळे बरोबर असावीत, नाहीतर कोणते बदल नवे हे सॉफ्टवेअरलाही उमगत नाही. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा सेल उतरला असेल तर घड्याळ मागे पडते. तो सेल बदलणे हा फार स्वस्त विमा आहे.

चिठ्ठीत सर्वच जात नाही. एकाच फोटोच्या ‘व्हर्च्युअल कॉपी’, कलेक्शन आणि दुरुस्तीचा टप्प्याटप्प्याचा इतिहास वहीतच राहतात. त्यामुळे अल्बमसाठी निवडलेले फोटो कलेक्शनमध्ये न ठेवता त्यांना पाच तारे द्यावेत. तारे चिठ्ठीतून जातात. आणि जे बांधव केवळ जेपीईजीत फोटो काढतात, त्यांच्यासाठी हा मार्ग नाही. जेपीईजीला वेगळी चिठ्ठी लागत नाही, सूचना त्याच फाइलीच्या पोटात लिहिल्या जातात. मग अख्खी फाइल हलवावी लागते. डीएनजीचेही तसेच.

लाइटरूमचे भाडे ज्यांना जड जाते त्यांनी डार्कटेबल पाहावे. ते २००९ पासून मोफत आहे, आणि दुरुस्ती होताच चिठ्ठी लिहिणे हा त्याचा स्वभावच आहे. सुरू होताना बदललेल्या चिठ्ठ्या शोधून विचारण्याची सोयही सेटिंगमध्ये आहे, ती चालू करावी. मात्र दोन्हीकडे आवृत्ती एकच हवी. नव्या आवृत्तीत केलेली दुरुस्ती जुनीला वाचता येईलच असे नाही. आणि एकाने लाइटरूम, दुसऱ्याने डार्कटेबल असे करू नये. तारे आणि शब्दखुणा समजतात, पण एकाची मापे दुसऱ्याच्या कात्रीला जुळत नाहीत. लाइटरूमचे भाडे भरणाऱ्यांनाही माहीत असावे की, एका व्यक्तीचा परवाना दोन संगणकांवर चालू ठेवता येतो, पण तो त्या एकाच व्यक्तीने, एका वेळी एका ठिकाणी वापरण्यासाठी. भाऊ-बहीण एकाच वेळी काम करणार असतील तर परवाने दोन हवेत.

मापे जुळली तरी रंग जुळेलच असे नाही. हिमरू शाली विकणाऱ्या एका व्यापारी बांधवांनी आम्हाला सांगितले की, दुकानातल्या पडद्यावर मरून दिसणारी शाल घरच्या लॅपटॉपवर विटकरी दिसे, आणि गिऱ्हाइके माल परत करत. दुरुस्ती तीच, पडदे दोन. पडदा जुळवण्याचे कॅलिब्रेटर यंत्र मिळते. तेवढी ऐपत नसेल तर निदान दोन्हीकडचा ‘नाइट लाइट’ बंद करावा, उजेड सारखा ठेवावा आणि लॅबमधून एकाच फोटोच्या दोन प्रिंट काढून एक दुकानात, एक घरी पडद्याशेजारी लावावी. शाल, चप्पल, भांडी अशा मालाचे फोटो काढणाऱ्या कारागिरांनी तर खरी वस्तूच शेजारी ठेवावी.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हेही सांगणे भाग आहे. इकडे उडवले की तिकडेही उडते. लाइटरूम बंद करताना कॅटलॉगचा बॅकअप घेऊ का विचारते, त्याला हो म्हणावे. पण त्यात फक्त वही असते, फोटो नसतात. फोटोंची वेगळी नक्कल दुसऱ्या डिस्कवर आणि ती डिस्क दुसऱ्या छताखाली. जनान्याचे फोटो असलेल्या डिस्कला कुलूपही हवे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर ही सोय आहे. त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी, कारण ती हरवली तर आपल्यालाही आत जाता येत नाही.

शेवटी फोटोशॉप. अल्बमची पाने पीएसडी फाइलीत जुळवली जातात, आणि एकेक पान शेकडो एमबीचे होते. तिथे चिठ्ठी नाही, कापडच कापलेले. त्यामुळे तिथे मेळ घालण्याचा प्रयत्न न करता पाने वाटून घ्यावीत. चाचांच्या दुकानात भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. पान क्रमांक, कोणाकडे, कोणत्या तारखेला घेतले, कधी परत आले. ज्याच्या नावापुढे परतीची तारीख नाही ते पान दुसऱ्याने उघडायचे नाही, आणि घेताना फाइलीच्या नावाला तारीख जोडायची.